सागाचा घेर थांबतो तेव्हा: वरचेवर परत येणाऱ्या तक्रारीचे निदान आणि उपाय

सागाच्या लागवडीबद्दल सर्वाधिक कानावर येणारी तक्रार जवळजवळ त्याच त्या शब्दांत मांडली जाते. पहिली चार-पाच वर्षे झाडे डोळ्यांदेखत वाढली, शेंडे एकमेकांशी स्पर्धा करत वर गेले, आणि नंतर बुंधा जेवढा होता तेवढाच राहिला. मग शेणखत दिले जाते, पाणी वाढवले जाते, एखाद्या वर्षी थोडा फरक पडल्यासारखे वाटते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तीच स्थिती येते. काही जण मधली बारीक झाडे काढूनही पाहतात, पण दोन-तीन वर्षांत तक्रार परत येते. ती परत येते, कारण वाढ थांबण्याची कारणे निरनिराळी असतात आणि उपाय मात्र बहुतेक वेळा कारण न शोधताच केला जातो.

निदानाची सुरुवात एका प्रश्नापासून करावी: झाडांची उंची कमी पडली आहे, की फक्त घेर? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. लागवडीतल्या सर्वांत जोमदार झाडांची उंची प्रामुख्याने जमीन, पाऊस आणि रोपांचा दर्जा यांवर ठरते. लागवड दाट असो वा विरळ, या उंचीत फारसा फरक पडत नाही. घेर मात्र त्या झाडाच्या वाट्याला किती ऊन आणि किती मातीचा पसारा आला, यावर ठरतो. म्हणून उंची समाधानकारक आणि घेर बारीक असेल, तर दोष जमिनीचा नसून गर्दीचा असतो. उंचीच खुंटलेली असेल, तर कुऱ्हाडीआधी कुदळ हातात घ्यावी.

मोजणी कशी करावी

मोजमापाला महागडी साधने लागत नाहीत. ११.२८ मीटर लांबीची, न ताणणारी दोरी एका खुंटीला बांधून तिच्याभोवती वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा पंचविसावा भाग होते. अशी तीन-चार वर्तुळे लागवडीच्या वेगवेगळ्या भागांत घ्यावीत आणि कडेच्या दोन ओळी त्यांत येऊ देऊ नयेत. वर्तुळातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर फितीने मोजून लिहून ठेवावा. उतार असेल, तर ही उंची चढाच्या बाजूने धरावी आणि दोरी आडवी, समपातळीत ताणावी.

उंची सगळ्या झाडांची मोजण्याची गरज नाही. प्रत्येक वर्तुळातल्या सर्वांत जाड चार झाडांची पुरे, कारण हेक्टरी सर्वांत जाड १०० झाडांची सरासरी उंची हे जमिनीचा कस ओळखण्याचे वनशास्त्रातले नेहमीचे माप आहे. हात डोळ्यासमोर सरळ धरून मुठीत काठी उभी पकडावी. मुठीच्या वरचा काठीचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराइतका ठेवावा. मग झाडाचा पायथा मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी जुळेपर्यंत मागे सरकत जावे. ते जुळले की उभ्या जागेपासून झाडापर्यंतचे अंतर म्हणजेच झाडाची उंची. चांगल्या जमिनीतला साग सुरुवातीची काही वर्षे वर्षाला दोन मीटरपेक्षा जास्त उंच होतो आणि त्यानंतर त्याचा वेग आपोआप मंदावतो. हे मंदावणे रोग नव्हे. उंचीची सर्वाधिक वाढ कोवळ्या वयातच होणे हा सागाचा स्वभाव आहे. पहिल्या तीन वर्षांच्या वेगाशी दहाव्या वर्षाची तुलना करून निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मोजणीआधीच एक पुरावा डोळ्यांना दिसतो. बांधालगतची, रस्त्याकडेची झाडे आतल्या झाडांपेक्षा स्पष्टपणे जाड असतील, तर माती तीच, रोपे तीच आणि वयही तेच असताना फरक फक्त बाजूने मिळणाऱ्या उन्हाचा आणि मोकळ्या जागेचा उरतो. मोकळेपणा मिळाला असता तर आतली झाडे कशी झाली असती, हे कडेची ओळ दाखवत असते.

चकतीवरची नोंद

साग हे वलयरंध्री लाकूड आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला ते मोठ्या रंध्रांची एक ओळ घडवते, त्यामुळे उष्णकटिबंधातले झाड असूनही त्याची वार्षिक वलये नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. एखादे झाड तोडायचेच असेल, तर बुंध्याकडच्या टोकाची दोन बोटे जाडीची चकती कापून घ्यावी, तिचा एक पृष्ठभाग रंध्याने गुळगुळीत करावा आणि त्यावर ओला फडका फिरवावा. मधोमध सोनेरी-तपकिरी गाभा, भोवती फिकट पिवळसर रसकाष्ठ आणि त्या दोहोंतून जाणारी वलये लगेच उठून दिसतात.

गर्दीत अडकलेल्या नऊ वर्षांच्या झाडाची चकती बहुधा अशी दिसते: आतली चार-पाच वलये आठ-दहा मिलिमीटर रुंद, पुढचे त्याहून अरुंद, त्यापुढचे त्याच्या निम्मे, आणि सालीलगतची दोन तर इतकी जवळ की सुईच्या टोकाने मोजावी लागतात. असे क्रमाक्रमाने अरुंद होत जाणे ही दाटीची खूण आहे. रुंद वलयांच्या मध्येच एखादे अरुंद वलय असेल आणि पुढची पुन्हा रुंद असतील, तर त्या वर्षी दुष्काळ पडला असावा किंवा अळीने पाने खाल्ली असावीत. पहिल्या वलयापासूनच सगळी वलये अरुंद असतील, तर झाडाला मुळात जमीनच मानवलेली नाही. भर हंगामात पाने गेली आणि पुन्हा फुटली, तर एकाच वर्षात दुसरी पुसट रेषा उमटते. अशी खोटी वलये बहुतेक पूर्ण फेरा घेत नाहीत. लागवडीचे वर्ष माहीत असल्याने ती वगळणे अवघड जात नाही. एक चकती जे सांगते, ते दहा जणांच्या सल्ल्यातून कळत नाही, असे माझे मत आहे, आणि तरीही तोडलेल्या झाडाचा बुंधा कुणी वाकून पाहत नाही.

उंची ठीक, घेर बारीक: दाटीचे गणित

दाटी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक झाडाच्या सेंटीमीटरमधल्या घेराचा वर्ग करून त्याला १२.५७ ने भागले की त्या खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये मिळते. वर्तुळातल्या सर्व झाडांची बेरीज २५ ने गुणून चौरस मीटरमध्ये मांडली की हेक्टरी छेद-क्षेत्र निघते. समजा, ३ × ३ मीटर अंतरावर हेक्टरी १,१११ झाडे आहेत आणि सरासरी घेर ५० सेंटीमीटर आहे. एका झाडाचे छेद-क्षेत्र १९९ चौरस सेंटीमीटर होते आणि हेक्टरी बेरीज सुमारे २२ चौरस मीटर. आता २ × २ मीटर अंतरावरची २,५०० झाडे घेतली आणि त्यांचा सरासरी घेर अवघा ३४ सेंटीमीटर धरला, तरी बेरीज २३ चौरस मीटर येते. म्हणजे दोन्ही ठिकाणी जमीन जवळजवळ सारखेच लाकूड पोसते आहे. एकीकडे त्याचे ओंडके होत आहेत, दुसरीकडे बल्ल्या.

कोवळ्या सागाच्या लागवडीत हे क्षेत्र हेक्टरी २० ते २२ चौरस मीटरच्या पुढे गेले, की विरळणीची, म्हणजे काही झाडे काढून गर्दी कमी करण्याची, वेळ झाली किंवा टळून गेली असे समजावे. जोडीला पर्णछत्राकडेही पाहावे. हिरवे, जिवंत छत्र झाडाच्या एकूण उंचीच्या ४० टक्क्यांहून कमी उरले असेल, म्हणजे पंधरा मीटरच्या झाडाला फक्त वरचे पाच मीटर पाने असतील, तर त्या झाडाची लाकूड घडवण्याची क्षमताच आटलेली असते. साग प्रखर उन्हाचा भुकेला आहे. सावलीत गेलेली खालची फांदी तो पटकन टाकून देतो आणि एकदा वर सरकलेले छत्र पुन्हा खाली येत नाही.

दाट लागवड करण्यात मुळात चूक काही नाही. २ × २ मीटरवर लावलेला साग सरळ वाढतो, फांद्या बारीक राहतात, तण लवकर दबते, आणि निवडीला भरपूर झाडे मिळतात. पण ही पद्धत विरळणी गृहीत धरूनच आखलेली आहे. शेवटच्या तोडीपर्यंत, वीस-पंचवीस वर्षांच्या आवर्तनात (लागवडीपासून शेवटच्या तोडीपर्यंतच्या काळात), हेक्टरी दीडशे ते अडीचशे झाडे राहावीत अशी अपेक्षा असते. पन्नास-साठ वर्षांच्या आवर्तनात त्याहूनही कमी. केरळमधील नीलांबूर येथे १८४० च्या दशकात एच. व्ही. कॉनोली आणि चातू मेनन यांच्या देखरेखीखाली सागाची जी लागवड सुरू झाली, तिच्यातली आज उभी असलेली झाडे म्हणजे मूळ रोपांचा अगदी लहानसा अंश आहे. लावलेले प्रत्येक झाड शेवटपर्यंत ठेवायचे, हा हिशेब कागदावर आकर्षक दिसतो. रोपे विकताना तो बराच सांगितलाही जातो. झाडाला तो ठाऊक नसतो.

विरळणी करूनही तक्रार का परत येते

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पहिले कारण म्हणजे नुसती दबलेली, काडीसारखी झाडे काढणे. वरच्या उदाहरणातल्या १,१११ झाडांपैकी ३० सेंटीमीटर घेराची ३०० झाडे काढली, तर झाडांच्या संख्येत २७ टक्के घट होते, पण छेद-क्षेत्र जेमतेम २.१५ चौरस मीटरने, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. त्या झाडांचे शेंडे मुळात छत्राच्या खाली होते; ती गेल्याने वर एक कवडसाही वाढत नाही. श्रम झाले, खर्च झाला, लागवड मोकळी दिसू लागली, आणि उरलेल्या झाडांसाठी काहीच बदलले नाही.

दुसरे कारण याच्या नेमके उलटे आहे. विकायला बरी म्हणून जाड झाडे आधी काढली जातात आणि मागे राहतात ती वाकडी, दुबेळकी (खोड दोन फांद्यांत फुटलेली) आणि छत्र गमावलेली झाडे. त्यांना जागा दिली तरी ती पूर्वीच्या जाड झाडांसारखी कधीच होत नाहीत. विरळणीत आधी ठेवायची झाडे निवडावीत, तोडायची नंतर ठरतात: सरळ खोड, एकच शेंडा, भरदार छत्र आणि खोडावर जखम नाही, अशा झाडांना छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारावा, आणि मग प्रत्येक पट्ट्याच्या झाडाच्या छत्राला भिडणारी, त्याच्या बरोबरीची दोन किंवा तीन झाडे काढावीत. खुणा पाने असतानाच कराव्यात, कारण पानगळीनंतर कोणाचे छत्र कुणाला भिडते ते समजत नाही. तोड मात्र कोरड्या हंगामात करावी. फक्त पहिल्या विरळणीला हा खटाटोप लागत नाही. २ × २ मीटरच्या लागवडीत चौथ्या-पाचव्या वर्षी एकाआड एक तिरकी ओळ सरसकट काढली की २,५०० ची १,२५० झाडे होतात आणि उरलेल्यांतले अंतर २.८ मीटरवर जाते. ३ × ३ मीटरच्या लागवडीत हीच वेळ थोडी उशिरा येते. नेमके वर्ष दिनदर्शिकेवर नव्हे, छत्रे भिडण्यावर ठरवावे.

तिसरे कारण म्हणजे उशीर. छत्र शेंड्यापुरते उरलेल्या झाडाभोवती अचानक मोकळे केले, तर ते आधी पाने वाढवते, मुळे पसरवते आणि मगच घेर धरते. यात एखाद-दोन हंगाम सहज जातात. एवढ्यात ‘विरळणीचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. शिवाय एकदम खूप ऊन लागल्याने खोडावर जागोजाग धुमारे फुटतात, ज्यांच्या गाठी पुढे फळीत उतरतात, आणि बारीक, उंच खोडे वाऱ्याने वाकतात. उशीर झालेल्या लागवडीत म्हणूनच एकाच वेळी निम्मी झाडे काढू नयेत. दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोन हलक्या विरळण्या कराव्यात आणि धुमारे कोवळे असतानाच हाताने मोडावेत.

चौथे कारण अगदी साधे आहे: एकदाच विरळणी करून थांबणे. चांगल्या जमिनीत मोकळी झालेली छत्रे तीन ते पाच वर्षांत पुन्हा भिडतात. भर म्हणून, तोडलेल्या सागाचे खुंट जोमाने फुटतात आणि ते फुटवे तसेच सोडले तर दोन पावसाळ्यांत पुन्हा गर्दी करतात. मोकळ्या जागा दिसतात म्हणून तिथे नवी रोपे लावण्याचा मोह होतो. मोठ्या झाडांच्या सावलीत ती रोपे नुसती जगतात, वाढत नाहीत.

ऊतीसंवर्धित रोपांबद्दल एक गैरसमज येथेच नोंदवावा लागेल. अशी रोपे एकसारखी वाढतात, म्हणून त्यांना विरळणी लागत नाही असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती एकसारखी असल्यानेच कोणतेही झाड दुसऱ्याला मागे टाकत नाही आणि सगळी लागवड एकाच वेळी गुदमरते. त्यांना विरळणी अधिक काटेकोरपणे लागते.

उंचीच खुंटलेली असेल तर

येथे विरळणीने काही साधत नाही. एक मीटरहून खोल खड्डा खणून त्याची भिंत पाहावी. मातीत राखाडी पट्टे आणि गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तिथे वर्षातले काही आठवडे पाणी साचते. सागाला पाणथळ जमीन अजिबात सोसत नाही. चांगल्या निचऱ्याची, खोल, गाळाची जमीन त्याला मानवते. खड्ड्यात कुदळ आपटून मागे येईल असा कठीण थर लागला आणि सोटमूळ त्यावर आडवे वळलेले दिसले, तर वाढ कुठे अडली ते तिथेच समजते. चर काढून निचरा सुधारणे उभ्या लागवडीत शक्य असते. खालचा कठीण थर मात्र लागवडीआधीच फोडायला हवा होता.

सामूची, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लपणाची (pH), तपासणी अवश्य करावी. सागाला कॅल्शियम भरपूर लागते आणि उदासीन, म्हणजे साधारण ६.५ ते ७.५ सामूची जमीन चांगली मानवते. आम्ल जमिनीत विरघळणारे अॅल्युमिनियम मुळांना इजा करते, आणि अशा वेळी नत्राची गोणी ओतून पाने हिरवी होतात, खोड नाही. चुना किंवा डोलोमाइट देण्याची योग्य वेळ लागवडीपूर्वीची. नंतर दिला तरी तो खालच्या थरांपर्यंत अतिशय हळू पोहोचतो. माती अगदीच प्रतिकूल असेल, तर त्या भागात साग टिकवण्याचा अट्टाहास न करता दुसरी प्रजाती लावणे शहाणपणाचे, आणि हे सहाव्या वर्षी पटले तर पंधराव्या वर्षी पटण्यापेक्षा स्वस्त पडते.

पाण्याबाबत उलटी चूकही होते. सागाला तीन ते पाच महिन्यांचा कोरडा काळ हवा असतो. बारमाही ठिबकवर वाढवलेल्या झाडाची मुळे ओल्या पट्ट्यातच घोटाळतात आणि पाणी थांबवताच ते झाड ताणाला बळी पडते.

अळी, बांडगूळ आणि दुबेळके

वाढीच्या ऐन काळात पाने गेली तर चकतीवर अरुंद वलय उमटते, हे वर आले आहे. यामागे बहुधा पाने खाणारी अळी, म्हणजे हायब्लिया प्युएरा असते. पावसाच्या सुरुवातीला फुटलेली कोवळी पाने ती मुख्य शिरा वगळता पूर्ण फस्त करते. केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात या अळीमुळे कोवळ्या लागवडीतली घनफळाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. हंगामाच्या अखेरीस पानांची जाळी करणारी अळी वेगळी. तेव्हा पाने तशीही गळणारच असल्याने तिचे नुकसान बरेच कमी असते. जाळीदार पाने पाहून घाबरून फवारणी करू नये. उंच झाडांवर रासायनिक फवारणी तशीही पुरेशी पोहोचत नाही आणि अळीचे नैसर्गिक शत्रू मात्र मारते. हायब्लियाला मारणारा एक विषाणू निसर्गातच आढळतो आणि त्यावर आधारित जैविक उपाय याच संस्थेने विकसित केला आहे.

बांडगूळ दिसताच फांदीसह काढावे. दुबेळके होण्यामागे अनेकदा लवकर आलेला फुलोरा असतो: सागाचा तुरा शेंड्याच्या कळीतूनच निघतो, त्यामुळे फुलोऱ्यानंतर मुख्य खोड दोन फांद्यांत विभागते. हा बराचसा बियाण्याचा दोष असतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. अशी झाडे पहिल्या निवडक विरळणीत काढावीत.

जमिनीचा कस टिकवण्यासाठी

शुद्ध सागाच्या लागवडीत रुंद पानांवर साचलेले पाणी मोठ्या थेंबांनी खाली पडते, आणि पालापाचोळा जाळून टाकलेला असेल तर तोच थेंब उघडी माती उचलून नेतो. उतारावर हे वर्षानुवर्षे होत राहिले तर बुंध्याची मुळे उघडी पडतात आणि पुढचे आवर्तन आधीच्यापेक्षा कमी उंचीचे होते. पालापाचोळा जाळू नये, वेली वगळून खालची झुडुपे राहू द्यावीत. तोडलेल्या ओंडक्यांची साल शक्यतो तिथेच काढून पसरून ठेवावी, कारण झाडाने ओढून घेतलेल्या कॅल्शियमचा मोठा वाटा सालीत असतो.

विरळणीनंतर वर्तुळांच्या खुंट्या उपटू नयेत. रंगाच्या पट्ट्याच्या झाडांचा घेर दर पानगळीत त्याच उंचीवर, त्याच फितीने मोजून लिहावा. कोवळ्या, मोकळ्या सागाने चांगल्या जमिनीत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर घेर धरणे स्वाभाविक आहे. हा आकडा सलग दोन हंगाम घसरत गेला आणि त्या काळात पाऊस बरा झाला असेल, अळी आली नसेल, तर पुढची विरळणी त्याच कोरड्या हंगामात घ्यावी. बुंधा थांबल्याचे डोळ्यांना जाणवेपर्यंत छत्र आणखी दीड-दोन मीटर वर गेलेले असते.